रक्तातले पाठभेद

“सर, हे बिमारी आमच्याच लोकाइले काहून होते?”

गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यातल्या एका गावी आशा सेविकांसमोर सिकलसेलविषयी बोलून मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या रांगेतून हा प्रश्न आला. विचारणारी बाई गोंड समाजातली होती. तिच्या शेजारची, बौद्ध घरातली, मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत राहिली. मी जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकातले होते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते; मग प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि अंग ठणकते. हे सगळे ‘कसे’चे उत्तर झाले. बाईने ‘काहून’ विचारले होते. परत येताना कोहमारा येईपर्यंत तो शब्द मनातून गेला नाही. हे पुस्तक त्या एका शब्दाला दिलेले उत्तर आहे, आणि ते द्यायला मला फार उशीर झाला.

उत्तराचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. हिवतापाच्या मुलखात ज्यांनी शेकडो पिढ्या काढल्या, त्यांच्यातल्या तगलेल्यांच्या रक्तात तगण्याची खूण राहून गेली. ती खूण आईबापांपैकी एकाकडून आली तर ढाल होते, दोघांकडून आली तर दुखणे. एवढ्यावर ती बाई समाधानी झाली असती का, मला माहीत नाही. मी झालो नाही, कारण या दोन वाक्यांमागे माणसाच्या प्रतिकारशक्तीचा मोठा पसारा उभा आहे. सिकलसेल हे त्याचे आपल्या अंगणात उघडणारे दार, एवढेच.

आधी या मुलखाविषयी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा नकाशावर तरुण आहे. पाणी मात्र जुने आहे. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाला त्या तलावावरचे पक्षी ठाऊक झाले. तलाव, बोड्या, बांध्यांत साचलेले पाणी आणि जंगलातून हळू वाहणारे नाले या सगळ्यांनी आपल्याला धान दिला, मासळी दिली, आणि ॲनॉफिलीस डासही दिले. त्यातला एक, क्युलिसिफेसीस, तळ्यात, कालव्यात आणि धानाच्या शेतात वाढतो. दुसरा, फ्लुव्हिॲटिलिस, जंगलातल्या नितळ, संथ ओढ्यांच्या कडेला. रोवणीच्या दिवसांत बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या आरोग्य केंद्रांत काचपट्ट्यांवर रक्ताचे थेंब जमू लागतात.

माझ्या लहानपणी गावात पोट पुढे आलेली, हातपाय काडीसारखे झालेली मुले दिसायची. आजी म्हणायची, याची पांथरी वाढली. पांथरी म्हणजे डाव्या बरगडीखाली असलेले ते गाळणे, जे जुन्या, बिघडलेल्या आणि जंतूंनी पोखरलेल्या रक्तपेशी वेचून काढते. पुन्हा पुन्हा हिवताप आला की तिच्यावर काम पडत जाते आणि ती सुजते. १८४० च्या दशकात उत्तर भारतातल्या कालव्यांकाठी डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने हिवताप मोजायला हीच खूण वापरली. किती मुलांची पांथरी हाताला लागते ते मोजायचे, की गावात ताप किती मुरला आहे ते कळते. रक्तातला परजीवी अजून कोणी पाहिलेला नव्हता. वैद्यकाने एका इंद्रियाला मुलखाची नोंदवही केले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे जे सांगायचे आहे त्याची ती सुरुवात आहे. शरीरात मुलूख लिहिलेला असतो.

१९४९ साली जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी रोगराई आणि उत्क्रांती यांच्यावर एक लेख लिहिला. नैसर्गिक निवड म्हटली की आपल्यासमोर वाघ-हरिण येतात, थंडी-दुष्काळ येतो. हाल्डेन यांनी बोट ठेवले ते जंतूंवर. भूमध्य समुद्राकाठी थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका का टिकून आहे याचे कारण हिवताप असावे, हा त्यांचा तर्क होता. तेच हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा तर्क सिकलसेलच्या बाबतीत पुराव्याने उभा केला तो अँथनी ॲलिसन यांनी, १९५४ मध्ये, पूर्व आफ्रिकेत. ज्या भागात हिवताप दाट, त्याच भागात सिकलचे वाहक दाट. आणि वाहक मुलांच्या रक्तात परजीवी कमी. त्यानंतरच्या अभ्यासांतून आकडा स्थिरावला तो असा की ‘एएस’ माणसाला, म्हणजे सिकलचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला, फॅल्सिपॅरम हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळते. परजीवी शिरलेली पेशी लवकर वाकते आणि पांथरी तिला वेळीच उचलते. शिवाय अशा पेशीला मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसणे नीट जमत नाही.

१९५८ हे वर्ष मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर लिहायला सांगतो. त्या वर्षी शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलवाहकांविषयीचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापले आणि नागपूरच्या आसपासचा हा मुलूख जगाच्या नकाशावर आला. त्याआधी १९५२ मध्ये लेमन आणि कटबुश यांना हा गुण निलगिरीच्या आदिवासींत सापडला होता. त्याच १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टन या मानववंशशास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेविषयी दाखवून दिले की जंगल तोडून शेती आली, शेतीबरोबर उन्हातली डबकी आली, डबक्यांबरोबर डास आणि डासांमागून सिकलचे जनुक पसरले. म्हणजे कुऱ्हाड आणि नांगर यांचा ठसा रक्तावर उमटला. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरची एक खूण वर्णन केली, जिच्यातून पुढे ‘एचएलए’ नावाची अख्खी जनुकमालिका उलगडली. या तिन्ही कामांचा परस्परांशी संबंध आहे हे त्या वेळी कोणाला दिसले नसावे. आज दिसतो.

इथे जाणकार वाचक मला अडवेल. सिकलचे जनुक हिमोग्लोबिनचे. ते प्रतिकारशक्तीचे जनुक कसे? आक्षेप बरोबर आहे. तरीही मी ते या पुस्तकात अग्रभागी ठेवले, त्याला कारण आहे. केनियातल्या किलिफी भागात मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वाहक मुलांचे हिवतापापासूनचे संरक्षण वयाबरोबर वाढत जाते. केवळ पेशीच्या आकाराचा प्रश्न असता तर दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला सारखेच संरक्षण मिळाले असते. वाढत जाते याचा अर्थ, शिकणारे कोणीतरी आत आहे. वाकडी पेशी वेळ मिळवून देते आणि त्या वेळात प्रतिकारशक्ती शत्रूला ओळखायला शिकते. रक्त आणि प्रतिकार यांच्यामधली भिंत पाठ्यपुस्तकात आहे. शरीरात ती इतकी पक्की नाही.

मात्र या ढालीच्या गोष्टीतून एक घातक गैरसमज निघतो, आणि तो मी गावोगाव ऐकला आहे: सिकलसेलवाल्याला हिवताप होत नाही. असे अजिबात नाही. संरक्षण आहे ते वाहकाला, ‘एएस’ला. ज्याला हे जनुक दोन्ही पालकांकडून आले त्या ‘एसएस’ मुलाला हिवताप झाला तर तो त्याच्या जिवावर उठतो, कारण त्याच्याकडे आधीच रक्त कमी. आणि दुसरे असे की वाकड्या पेशी अडकून अडकून त्याची पांथरीच निकामी होत जाते. गाळणे गेले की न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात मोकाट सुटतात. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने लहान मुलांतला न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. ही साधी, स्वस्त गोळी. न्यूमोकोकसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०२१ मध्ये देशभर आली. ज्या घरी ‘एसएस’ मूल आहे तिथे या दोन गोष्टी पोचल्या का, हे विचारणे मला कोणत्याही जनुकशास्त्रापेक्षा तातडीचे वाटते, आणि म्हणून त्याविषयीचे प्रकरण मी पुस्तकात मागे न ठेवता पुढे आणले आहे.

आपल्या मुलखातल्या सिकलचे आणखी एक वैशिष्ट्य सांगून पुढे जातो. भारतात आणि पूर्व सौदी अरेबियात हे जनुक ज्या शेजारच्या जनुकीय खुणांसह वारशाने येते, त्या संचाला अरब-भारतीय संच म्हणतात. या संचाबरोबर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते आणि दुखणे थोडे सौम्य होते. पण ‘भारतातला सिकल सौम्य’ हे वाक्य नागपूरच्या बालरोग विभागात बसून कोणी म्हणू शकणार नाही. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातल्या रुग्णांपेक्षा नागपूर भागातल्या रुग्णांचे हाल जास्त दिसतात. गुजरातच्या त्या पट्ट्यात अल्फा थॅलेसेमिया नावाचा दुसरा बदल सर्रास आढळतो आणि तो सिकलची धार बोथट करतो, हे त्याचे एक कारण. तो दुसरा बदलही हिवतापानेच मागे ठेवलेला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी मात्रेत दिले तरी भारतीय मुलांना लागू पडते हे दाखवले. बाहेरच्या देशातली मात्रा तशीच्या तशी न उचलता इथल्या रक्ताला इथल्या मापाने मोजायचे, याचा हा नमुना.

आता ‘पाठभेद’ या शब्दाविषयी. जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांना काय म्हणावे यावर मी बराच काळ अडलो. ‘उत्परिवर्तन’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बिघाडाची भीती उमटते. मग ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांची आठवण झाली. नकलून नकलून ओव्यांत फरक पडत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. जनुकांचेही नकलून नकलून असेच होते. फक्त इथे नाथमहाराज नाहीत आणि मूळ शुद्ध प्रतही नाही. प्रत्येक माणूस एक प्रत, आणि कुठला पाठ ‘बरोबर’ हे त्या त्या काळातला, त्या त्या मुलखातला रोग ठरवतो. म्हणून मी जनुकाचे रूप म्हणायचे तिथे पाठभेद म्हटले आहे.

हे पाठभेद सर्वांत दाट कुठे असतील, तर सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांत. आज नोंदल्या गेलेल्या त्यांच्या रूपांची संख्या ४०,००० च्या वर गेली आहे. माणसाच्या जनुकसंचात इतकी विविधता दुसरीकडे कुठेच नाही. ही जनुके काय करतात ते गोंदियाच्या धानबाजारात समजावणे सोपे जाते. व्यापारी पोते उघडत नाही. लोखंडी नळी पोत्यात खुपसतो, चार दाणे तळहातावर घेतो आणि आत काय भरले आहे ते सांगतो. आपल्या पेशीही आतल्या प्रथिनांचे तुकडे अशाच बाहेर काढून दाखवतात. एचएलए ही ती नळी. पहारेकरी पेशी येते, नमुना पाहते, आत विषाणू किंवा परजीवी शिरला असेल तर ओळखते. आता नळीचे तोंड प्रत्येकाचे वेगळे. एकाच्या नळीत बारीक दाणा येतो, दुसऱ्याच्या नळीत जाडा. गावातल्या सगळ्यांची नळी सारखी असती तर जो रोग त्या नळीत सापडत नाही तो सगळे गाव घेऊन गेला असता. म्हणून विविधता टिकली, इतकी जुनी की एचएलएच्या काही घराण्यांचे नातलग चिंपांझीतही सापडतात. म्हणजे माणूस माणूस होण्याआधीपासून ती चालत आली आहेत.

१९९१ मध्ये एड्रियन हिल आणि सहकाऱ्यांनी गांबियातल्या मुलांत दाखवले की एचएलए-बी५३ हे रूप असलेल्यांना गंभीर हिवताप कमी होतो. एकेका मुलापुरते पाहिले तर ते संरक्षण सिकलएवढे नाही. पण पश्चिम आफ्रिकेत ते रूप इतके सर्रास की साऱ्या समाजाचा हिशेब केला तर आजार तेवढाच रोखला गेला. आणि त्याची किंमत सिकलसारखी कोणाला दुखण्याने मोजावी लागत नाही. मला ही जोडी विद्यार्थ्यांसमोर ठेवायला आवडते: एकाच शत्रूवर दोन उपाय, एक महागडा, एक स्वस्त.

हिवतापाएवढाच झाडीपट्टीशी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याशी, जडलेला दुसरा रोग म्हणजे कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशात त्याचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येत एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपल्याचे जाहीर झाले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरमध्ये मात्र नवे रुग्ण आजही सापडतात. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभे केले ते याच मुलखात. प्रतिकारशक्तीचे पाठभेद समजावून घ्यायला याहून बोलका रोग नाही. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला जंतू तोच, पण ज्यांच्या घरात तो शिरतो त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतो त्यांतही एकाच्या अंगावर एकच बधिर चट्टा उठतो आणि जंतू शोधूनही सापडत नाही, तर दुसऱ्याच्या त्वचेत जंतूंची रास लागते. फरक जंतूत नसतो, यजमानात असतो. टीएलआर१ नावाचे जनुक जंतूची पहिली चाहूल घेण्याच्या कामात असते. त्याचे एक रूप कुष्ठरोगापासून काही प्रमाणात बचाव करते, असे भारतीय रुग्णांच्या अभ्यासातून २०१० मध्ये पुढे आले. ते रूप युरोपात सर्रास आहे, आफ्रिकेत आणि पूर्व आशियात क्वचित. मध्ययुगीन युरोपातून कुष्ठरोग ओसरण्यात त्याचा वाटा असावा का, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

यातूनच एक अगदी कामाची गोष्ट निघते. कुष्ठरोगाच्या औषधांत डॅप्सोन असते. काही थोड्या रुग्णांना ते सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांनी ताप येतो, अंगावर पुरळ उठते, यकृत सुजते. वेळीच औषध थांबवले नाही तर माणूस दगावतो. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी यामागे एचएलए-बी*१३:०१ हे रूप असल्याचे दाखवले. हे रूप युरोपीय आणि आफ्रिकी लोकांत जवळपास नाही. भारतातल्या वेगवेगळ्या समाजांत १ ते १२ टक्क्यांपर्यंत आढळते. ज्या पाठ्यपुस्तकात ही प्रतिक्रिया ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून एका ओळीत उरकली असेल, ते पुस्तक कोणत्या लोकांना पाहून लिहिले गेले ते विचारावे. आशा ताईंसाठी याचा अर्थ सोपा आहे: गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप आणि पुरळ दोन्ही आले, तर ‘गोळ्यांची उष्णता’ म्हणून सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना पाहून पुस्तके लिहिली जातात त्यांच्याविषयी इथे बोललेच पाहिजे. मानवी जनुकविविधतेचा जगभर वापरला जाणारा मोठा संच, ‘१००० जीनोम प्रकल्प’, २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यात २६ लोकसमूहांतले २,५०४ जण आहेत. दक्षिण आशियाचे पाच गट: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ. म्हणजे भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना त्यात नाही. गोंड, हलबा, पोवार, ढिवर यांची तर गोष्टच सोडा. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८० हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली, हे मोठे पाऊल आहे. त्याची गरज किती होती ते कोविडने दाखवले होते. २०२० मध्ये झेबर्ग आणि पाबो यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दाखवला, जो निअँडरथल माणसाकडून आला आहे आणि कोविड गंभीर होण्याशी जोडला गेला आहे. युरोपात साधारण १६ टक्के लोकांत तो आहे, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्यांत. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या रोगाने तो आपल्याकडे इतका टिकवून धरला असेल?

पण मोजण्यासाठी रक्त देणाऱ्यांचीही एक बाजू आहे. मी आश्रमशाळेच्या आवारात शिबिरे पाहिली आहेत जिथे मुलांच्या बोटातून रक्त घेतले गेले, गाडी गेली, आणि वर्षभर कोणाचा निकाल आला नाही. मुलांनी विचारले तर शिक्षकांकडे उत्तर नव्हते. रक्त ज्याचे, निकाल आधी त्याच्या हातात, मग शोधनिबंध. हा क्रम उलटा होतो तेव्हा पुढच्या गाडीला लोक दारे लावून घेतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पुस्तकातल्या लग्नाच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात वेगवेगळ्या मुळांचे लोक मोठ्या प्रमाणात मिसळत होते आणि त्यानंतर बेटीव्यवहाराची कुंपणे घट्ट झाली. कुंपणाच्या आत एखादा पाठभेद आला की तो आतच फिरत राहतो आणि दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींच्या पाहण्यांत सिकलवाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलताना दिसते. शेजारशेजारची गावे, तोच डास, तोच पाऊस, आणि इतका फरक. हा फरक कुंपणांचा आहे. म्हणूनच त्या बाईच्या प्रश्नातला ‘आमच्याच’ हा शब्द मी नीट उलगडायचा प्रयत्न केला. सिकल गोंडांत आहे, परधानांत आहे, पूर्वाश्रमीच्या महार समाजात आहे, इतरही अनेक समाजांत कमी-अधिक आहे. आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे. जनुकाला जात कळत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाच्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला तो समाजाच्या न्यायासाठी. त्यात रक्ताच्या आजाराचा विचार नव्हता. त्यांचा तो उपाय आपल्या मुलखाच्या रक्तालाही लागू पडतो, हे मात्र आज आकड्यांनी दिसते.

वाहक-वाहक जोडप्याला दर खेपेला ‘एसएस’ मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ‘दर खेपेला’ हे शब्द मी पुस्तकात सात ठिकाणी लिहिले आहेत, कारण पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन निरोगी होणार असा हिशेब करून बसलेली घरे मी पाहिली आहेत. चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने निघते. आणि दोष कोणाचाच नाही. दोघांनी एकेक चिठ्ठी दिलेली असते. तरी बोल सुनेलाच लागतो. लग्नाआधी रक्त तपासावे असे माझे ठाम मत आहे. तपासणीचे कार्ड लपवावे लागेल असे वातावरण ठेवून तपासणी करा म्हणणे, हे मात्र मला पटत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ चे लक्ष्य, सुमारे सात कोटी लोकांची तपासणी. मोहिमेचे मी मनापासून स्वागत करतो. ‘निर्मूलन’ शब्दाविषयी मात्र माझा आग्रह आहे की तो सांभाळून वापरावा. निर्मूलन करायचे ते वेदनेचे, लहान मुलांच्या मृत्यूचे. जनुक कोट्यवधी निरोगी माणसांच्या अंगात आहे आणि ती माणसे आपल्या शेजारी राहतात. ‘मुळापासून उपटणे’ हे शब्द त्यांच्या कानावर कसे पडतील याचा विचार फलक रंगवण्याआधी व्हावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, याचा उपयोग कसा करून घ्यायचा तेही शेवटच्या भागात आहे. कायमचा उपाय म्हणून अस्थिमज्जा रोपणाचे नाव घेतले जाते. तिथे पुन्हा एचएलए आडवे येते: सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि परक्याशी जुळवायचे तर नोंदवहीत आपल्यासारखे लोक असावे लागतात. नोंदवहीत नसणे म्हणजे काय, ते देवरीच्या मुलाच्या बापाला मुंबईच्या रुग्णालयात कळते.

पुस्तकाचा मजकूर छापायला देण्याआधी मी तो त्या दोघींना वाचायला दिला, प्रश्न विचारणारीला आणि वहीत गिरवत बसलेलीला. दुसरीचा मुलगा ‘एसएस’ आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिने लग्नाचे प्रकरण वाचून एवढेच सांगितले की ‘दर खेपेला’ जाड अक्षरात छापा. पहिलीने पानोपानी पेन्सिल चालवली होती. जिथे जिथे मी ‘प्लीहा’ लिहिले होते तिथे तिथे तिने तो शब्द खोडून वर ‘पांथरी’ लिहिले. तिचा शब्द मी पुस्तकभर तसाच ठेवला आहे.